१६ केबी पेज साइझमुळे प्ले कन्सोलवर अपडेट अडकलं: दोषी लायब्ररी कशी शोधायची?

किराणाकोड

किराणा दुकानांसाठीचं बिलिंग अ‍ॅप आहे. कोटलिन, एक्सएमएल लेआउट. मराठीतलं बिल ब्लूटूथ थर्मल प्रिंटरवर छापतं. टार्गेट ३४ वरून ३५ वर (म्हणजे अँड्रॉइड १५ वर) नेलं, बंडल (प्लेला द्यायचं पॅकेज) चढवलं आणि प्ले कन्सोलने १६ केबी मेमरी पेज साइझला सपोर्ट नाही म्हणून अडवलं. अ‍ॅपमध्ये नेटिव्ह कोड असा आहे:

स्वतःची एक छोटी सी++ लायब्ररी. बिलाच्या बिटमॅपचं काळं-पांढरं रूपांतर आणि छापलेल्या बिलांच्या कॅश फाइलचं एमएमॅप (फाइल थेट मेमरीत जोडणं), एवढंच काम. एनडीके (अँड्रॉइडसाठी सी++ बांधायचा संच) आर२५ ने बांधलेली.
उधारीच्या वहीसाठी एसक्यूएलसायफर (कूटबद्ध डेटाबेस), जुनी अँड्रॉइड-डेटाबेस-एसक्यूएलसायफर ४.५.४.
बारकोडसाठी कॅमेराएक्स १.३ आणि एमएल किट.
प्रिंटर विकणाऱ्याने दिलेली एएआर (तयार बांधलेली अँड्रॉइड लायब्ररी). सोर्स नाही. विचारलं तर उत्तर येत नाही.

अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.४ आहे. युज-लेगसी-पॅकेजिंग खरं करून पाहिलं, तरी तीच सूचना. शिवाय टार्गेट ३५ केल्यापासून अँड्रॉइड १५ च्या फोनवर 'बिल छापा' हे खालचं बटण नेव्हिगेशन बारच्या मागे जातंय. यातलं कुठलं आधी धरायचं आणि प्रिंटरच्या एएआरचं काय करायचं?

बिल्डखोली

आधी नियम नेमका समजून घ्या, म्हणजे पळवाटा शोधण्यात वेळ जाणार नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या अ‍ॅपला आणि जुन्या अ‍ॅपच्या अपडेटला ६४ बिट उपकरणांवर १६ केबी पेज चालवता आलं पाहिजे. स्टोअरवर आधीच असलेली आवृत्ती यामुळे उतरत नाही, अडतं ते अपडेट.

कारण साधं आहे. आजवर अँड्रॉइडचा कर्नल मेमरी ४ केबीच्या तुकड्यांत वाटत आला. १ जीबीसाठी असे २,६२,१४४ तुकडे सांभाळावे लागतात. १६ केबी केले की ६५,५३६ उरतात. पत्ते शोधण्याची कटकट कमी होते. गूगलच्या मोजणीत मेमरीवर ताण असताना अ‍ॅप उघडायला सरासरी ३.१६ टक्के कमी वेळ लागला आणि उघडतानाचा वीजवापर ४.५६ टक्क्यांनी घटला. बदल्यात थोडी मेमरी जास्त जाते.

आता तुमचं. दोन वेगवेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

पहिली, एसओ (बांधून तयार झालेली नेटिव्ह लायब्ररी) फाइलच्या आतली जुळणी. लिंकर लायब्ररीचे लोड होणारे भाग ज्या अंतरावर मांडतो ते अंतर किमान १६,३८४ बाइट हवं. दुसरी, एपीकेच्या (फोनवर इन्स्टॉल होणारी फाइल, ती झिपच असते) झिपमधली जुळणी. एसओ फाइल दाबून न ठेवता तशीच ठेवली असेल, तर ती झिपमध्ये १६ केबीच्या सीमेवर सुरू झाली पाहिजे, कारण ती तिथूनच थेट मेमरीत चढते.

लेगसी पॅकेजिंगने फक्त दुसऱ्या गोष्टीतून सुटका होते. एसओ दाबून ठेवली जाते आणि इन्स्टॉल होताना बाहेर काढली जाते, त्यामुळे झिपमधली जागा महत्त्वाची राहत नाही. पहिली गोष्ट मात्र जिथल्या तिथे. म्हणून तुमची सूचना हलली नाही. ती ओळ काढून टाका.

शोधायची पद्धत:

अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके अ‍ॅनालायझरमध्ये रिलीज एपीके टाका. लिब फोल्डर उघडलात की प्रत्येक एसओसमोर अलाइनमेंटचा रकाना दिसतो. फक्त एआरएम६४-व्ही८ए आणि एक्स८६-६४ हे दोन फोल्डर बघा. ३२ बिटच्या फाइलींना हा नियम लागू नाही, त्या ४ केबीवर दिसल्या तरी सोडून द्या.

टर्मिनलवरून करायचं तर एपीके अनझिप करून एनडीकेच्या टूलचेनमधलं एलएलव्हीएम-ऑब्जडंप पी पर्यायासह एसओवर चालवा आणि उत्तरातल्या लोड या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. ओळीच्या शेवटी अलाइन २**१२ (दोनचा बारावा घात) दिसलं तर ४ केबी, म्हणजे नापास. २**१४ म्हणजे पास. काही खूप जुन्या लायब्ररीत २**१६ दिसेल. जुना लिंकर ६४ केबीने मांडायचा त्याचं ते फळ, तेही चालतं. एकाच फाइलमध्ये तीन-चार लोड ओळी असतात, त्या सगळ्या पास हव्यात.

झिपसाठी बिल्ड टूल्स ३५ किंवा पुढचे घ्या. त्यातलं झिपअलाइन चालवताना लहान लिपीतला सी, मग मोठ्या लिपीतला पी आणि त्यापुढे १६, मग लहान व्ही, शेवटी ४ आणि एपीकेचं नाव. पी हा पर्याय जुन्या बिल्ड टूल्समध्ये नाही. तिथे कमांड चूक दाखवते आणि लोक समजतात एपीकेच बिघडलं.

मग प्लगइन. ८.३ ते ८.५.० या आवृत्त्यांमध्ये एक खड्डा आहे. तुमच्या मशीनवर बांधलेलं एपीके जुळलेलं निघतं, पण बंडलपासून प्ले जे एपीके बनवतं त्यात जुळणी होत नाही. म्हणजे घरी सगळं चालतं आणि स्टोअरवरून इन्स्टॉलच होत नाही. ८.५.१ पासून हे सुधारलं. तुम्हाला कंपाइल ३५ साठी ८.६ लागणारच आहे, तेव्हा सरळ ८.६ किंवा पुढे जा. ८.६ ला ग्रेडल किमान ८.७ हवं, रॅपरची फाइल बदलायला विसरू नका.

सावकाश_अपडेट

इतकी घाई असेल तर टार्गेट ३४ वर परत न्या, मग हा नियम लागत नाही. किंवा एआरएम६४ काढून फक्त ३२ बिट ठेवा. एसओच्या हेडरमध्ये अलाइनमेंटचा आकडा हेक्स एडिटरने बदलणारी स्क्रिप्टही कुठेतरी पाहिली होती.

शिरोरेषा

तिन्ही वाटा बंद आहेत.

टार्गेट ३४ चालणार नाही, कारण ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी अ‍ॅप आणि अपडेट यांना टार्गेट ३५ सक्तीचं आहे. ३२ बिट एकटं चालणार नाही, कारण नेटिव्ह कोड असलेल्या अ‍ॅपने ६४ बिट आवृत्ती द्यायचीच हा प्लेचा नियम १ ऑगस्ट २०१९ पासूनचा आहे.

हेडर बदलण्याचा प्रकार तर घातक. हेडरमधला आकडा हे नुसतं लेबल आहे. लायब्ररीत वाचायचा-चालवायचा कोड एका भागात असतो, लिहिता येणारा डेटा दुसऱ्या भागात. ४ केबीने लिंक केलेल्या फाइलमध्ये हे दोन भाग एकमेकांपासून ४ केबीवर असू शकतात. पेज १६ केबीचं झालं की दोन्ही एकाच पेजवर येतात आणि एका पेजला परवानगी एकच देता येते: एकतर कोड चालवा, नाहीतर डेटा लिहा. भाग मुळातच लांब मांडावे लागतात आणि ते फक्त लिंकर करतो. सोर्स किंवा ऑब्जेक्ट फाइली हातात नसतील तर पुन्हा लिंक करता येत नाही. त्याला इलाज नाही.

अँड्रॉइड १६ मध्ये अशा जुन्या लायब्ररीसाठी जुळवून घेणारा मोड आहे. १६ केबीच्या फोनवर अ‍ॅप त्या मोडमध्ये उघडतं आणि वापरणाऱ्याला सूचनेची खिडकी दिसते. पण तो मोड फोनसाठी आहे, प्लेची अट त्याने पूर्ण होत नाही. चाचणीतही तो फसवतो: अँड्रॉइड १६ च्या इमेजवर अ‍ॅप उघडलं म्हणजे पास झालं असं धरू नका. अँड्रॉइड १५ च्या १६ केबी इमेजवर खरं उत्तर मिळतं.

किराणाकोड

प्लगइन ८.६, ग्रेडल ८.७ केलं. कॅमेराएक्स १.४ वर नेल्यावर इमेज-प्रोसेसिंग-युटिल नावाची एसओ २**१४ दाखवायला लागली. आता नापास उरलेल्या: माझी स्वतःची, एसक्यूएलसायफरची, प्रिंटरच्या एएआरमधली, आणि सी++ शेअर्ड ही रनटाइमची फाइल. ही शेवटची कुणाची आहे तेच कळत नाही. पॅकेजिंगमध्ये तिच्यासाठी पिकफर्स्ट लिहिलेलं आहे.

बिल्डखोली

त्या पिकफर्स्टमध्येच उत्तर आहे. सी++ ची शेअर्ड रनटाइम तुमची लायब्ररी आणते, प्रिंटरची एएआरही आपली आणते. दोघींचं नाव एकच, म्हणून बिल्ड अडला असणार आणि कुणीतरी पिकफर्स्ट लिहून वाट मोकळी केली. त्याचा अर्थ 'जी आधी सापडेल ती घे' एवढाच. नवी कुठली, जुळलेली कुठली हे तो बघत नाही. एएआर ही झिपच असते, तिचं टोक बदलून झिप करा, जेएनआय फोल्डरमधली सी++ शेअर्ड काढा आणि ऑब्जडंप चालवा. पुढे एनडीके बदलल्यावरही ही फाइल नापासच राहिली, तर जुनी प्रत एएआरमधून येतेय हे नक्की समजा.

तुमच्या लायब्ररीसाठी एनडीके आर२८ घ्या. तिथे १६ केबी मांडणी न सांगता होते. आर२७ वर राहायचं असेल तर सीमेकच्या आर्ग्युमेंटमध्ये अँड्रॉइड-सपोर्ट-फ्लेक्सिबल-पेज-सायझेस हे चालू करावं लागतं (मूळ नावात शब्दांमध्ये अंडरस्कोअर). एनडीके-बिल्ड वापरत असाल तर त्याच नावाच्या सुरुवातीला अँड्रॉइडऐवजी अ‍ॅप येतं. आर२६ आणि आधीच्यांना लिंकरला मॅक्स-पेज-साइझ १६३८४ असं हाताने सांगावं लागतं. तुम्ही आर२५ वर आहात, पण ती हातची वाट घेऊ नका: पर्याय एका लायब्ररीला लावून दुसरीला विसरणं फार सोपं आहे. शिवाय त्या पर्यायाने तुम्ही लिंक केलेली फाइल बदलते, तयार मिळालेली बदलत नाही.

मॉड्यूलच्या ग्रेडलमध्ये एनडीके-व्हर्जन स्पष्ट लिहा. न लिहिल्यास प्लगइन आपल्या ठरलेल्या आवृत्तीकडे जातं आणि सीआय (आपोआप बिल्ड करणाऱ्या) मशीनवर वेगळीच फाइल तयार होते.

आणि एमएमॅप म्हणालात, तिथे नुसतं पुन्हा बांधून भागणार नाही. कोडमध्ये ४०९६ शोधा. पेज-साइझ हा मॅक्रोही शोधा, फ्लेक्सिबल पर्याय चालू असताना एनडीके तो देतच नाही आणि कंपाइल तिथेच अडतं. अडलं तर चांगलंच, निदान दिसतं तरी. हाताने लिहिलेलं ४०९६ मात्र गुपचूप पुढे जातं.

एमएमॅपला दिलेला ऑफसेट पेजच्या पटीत असावा लागतो. समजा कॅशमधलं सहावं बिल २०,४८० या ऑफसेटला सुरू होतं. ४०९६ ची ती पाचपट आहे, म्हणून आजवर चाललं. १६,३८४ ची ती पट नाही, त्यामुळे कॉल इन्व्हल ही चूक देऊन परत येतो. परतावा न तपासता पॉइंटर वापरला तर तिथेच क्रॅश. दुरुस्ती अशी: पेजचा आकार चालू असताना सिसकॉन्फला किंवा गेटपेजसाइझला विचारा. ऑफसेट खालच्या पटीवर आणा, इथे १६,३८४. उरलेला फरक ४,०९६, तेवढी लांबी वाढवून मागा आणि मिळालेल्या पॉइंटरमध्ये तेवढं पुढे सरका. अनमॅप करताना मूळ पॉइंटर आणि वाढवलेली लांबी द्या, सरकवलेला पॉइंटर देऊ नका. कॅश फाइलचं स्वरूप बदलायची गरज नाही, जुन्या फोनवरच्या फाइली तशाच वाचता येतील.

शिरोरेषा

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी एक प्रश्न विचारावासा वाटतो: प्रिंटरची आणि तुमची, या दोन एसओ हव्यात कशाला? प्रिंटर विकणाऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा त्याची एएआरच काढून टाका. साध्या थर्मल प्रिंटरची भाषा उघड आहे, एस्क-पॉस. विक्रेत्याची एएआर आतून बहुतेक तेच बाइट पाठवत असते. तुमचं सी++ चं रूपांतरही कोटलिनमध्ये सहज बसतं.

मोजून बघा. ५८ मिलिमीटरच्या कागदाचा प्रिंटर एका ओळीत ३८४ ठिपके मारतो. २०३ डीपीआय म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके, छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे ओळीला ४८ बाइट. दहा सेंटिमीटर लांबीचं बिल म्हणजे ८०० ओळी, एकूण ३८,४०० बाइट. एवढ्या कामाला नेटिव्ह कोड लागत नाही. गेटपिक्सेल प्रत्येक ठिपक्याला वेगळं बोलावू नका, ते खरंच हळू आहे. गेटपिक्सेल्सने अख्खी पट्टी एकदम इंट अ‍ॅरेत घ्या आणि तिच्यावर लूप फिरवा. इथला कोटलिनचा वेळ प्रिंटरच्या कागद सरकवण्यापुढे नगण्य आहे.

जोडणी: ब्लूटूथ सॉकेट, आरएफकॉम, सिरियल पोर्ट प्रोफाइलचा ठरलेला यूयूआयडी, जो ००००११०१ ने सुरू होतो. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ-कनेक्ट ही परवानगी चालू अ‍ॅपमध्ये मागावी लागते. आजवर एएआर ती तुमच्या वतीने मॅनिफेस्टमध्ये घालत असेल, तर एएआर काढल्यावर ओळ नाहीशी होईल. स्वतः लिहा. कनेक्ट हा कॉल मुख्य थ्रेडवर नको, प्रिंटर बंद असेल तर तो कित्येक सेकंद अडकून बसतो. आणि कनेक्टच्या आधी डिस्कव्हरी थांबवा, नाहीतर जोडणी मंदावते आणि तुटण्याचीही शक्यता वाढते.

बाइट: चित्र छापण्याच्या आज्ञेचे पहिले चार आकडे दशमानात २९, ११८, ४८, ०. मग रुंदी बाइटमध्ये, आधी लहान बाइट मग मोठा: ४८, ०. मग उंची ओळींमध्ये, तशाच क्रमाने. ८०० ओळी म्हणजे २५६ च्या तीन पटी आणि वर ३२, म्हणून ३२, ३. त्यापुढे चित्राचे बाइट. बिट १ म्हणजे काळा, आणि बाइटमधला सर्वांत मोठा बिट म्हणजे डावीकडचा ठिपका. हा क्रम उलटा झाला तर प्रत्येक ८ ठिपक्यांची पट्टी आरशात पाहिल्यासारखी छापते. अक्षरं ओळखू येतात पण दातेरी दिसतात. तसं दिसलं की फाँटला दोष देत बसू नका, बिटचा क्रम तपासा.

८०० ओळी एकदम पाठवू नका. स्वस्त प्रिंटरचा बफर लहान असतो. भरला की मधले बाइट गळतात, मग प्रिंटर चित्राचे बाइट मजकूर समजून कचरा छापत सुटतो. १२८ ओळींच्या पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीला स्वतःची आज्ञा, उंची १२८, ०, आणि मागे ६,१४४ बाइट. दोन पट्ट्यांमध्ये थोडं थांबा. किती ते प्रिंटरवर ठरतं. ५० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि कचरा येणं थांबेपर्यंत वाढवा. शेवटची पट्टी १२८ पेक्षा लहान असते, तिची उंची खरी मोजून लिहा. तिथे १२८ च लिहिलं तर प्रिंटर उरलेल्या बाइटची वाट बघत गप्प बसतो आणि पुढच्या बिलाचा वरचा भाग गिळतो.

देवनागरीची जुळवणी अँड्रॉइड स्वतः करतं. स्टॅटिक लेआउटमध्ये मजकूर द्या, रुंदी ३८४ द्या आणि पांढऱ्या बिटमॅपवर काढा. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागेवर येतात. घोळ होतो तो काळं-पांढरं करताना. अँटी-अलायझिंग चालू असेल तर शिरोरेषेच्या कडा करड्या होतात आणि उंबरठा १२८ वर ठेवला की बारीक शिरोरेषा मध्येमध्ये तुटते. 'तूरडाळ'मधल्या डचा खालचा वळसा आणि 'रु.'चा उकार आधी जातात. टेक्स्ट पेंटचं अँटी-अलायझिंग बंद करा, अक्षर किमान २४ पिक्सेल ठेवा, वजन जाड घ्या. अँटी-अलायझिंग ठेवायचंच असेल तर उंबरठा १६० पर्यंत नेलात तरी चालतं, त्याच्या वर अनुस्वार आणि मात्रा एकमेकींना चिकटतात. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळायला नको.

हे झालं की प्रिंटरची एसओ गेली, तुमचीही गेली, आणि तिसरं कुणी ती आणत नसेल तर सी++ शेअर्डही गेली. कॅशचं एमएमॅप रँडम-अ‍ॅक्सेस-फाइलच्या साध्या वाचनाने बदला. ३८ केबीच्या बिलासाठी एमएमॅपचा काही फायदा नाही.

बिल्डखोली

हे माझ्या उत्तरापेक्षा चांगलं आहे. कॅश अशी बदलणार असाल तर माझा एमएमॅपचा परिच्छेद सोडून द्या. बारकोडसाठीही असाच पर्याय आहे: एमएल किटची अ‍ॅपमध्ये न बांधलेली आवृत्ती घेतली तर मॉडेल प्ले सर्व्हिसेसकडून येतं. बांधलेल्या आवृत्तीने अ‍ॅप सुमारे २.४ एमबीने वाढतं, न बांधलेल्याने २०० केबीच्या आसपास. फक्त पहिल्या वापरापूर्वी मॉडेल उतरलेलं असायला हवं, म्हणून मॅनिफेस्टमध्ये इन्स्टॉलसोबतच उतरवण्याची मेटाडेटा ओळ लिहा. नाहीतर नेट नसलेल्या दुकानात पहिलं स्कॅन रिकामं जाईल.

एसक्यूएलसायफर मात्र काढता येणार नाही, ते बदला. तुमची आर्टिफॅक्ट बंद झालेली आहे. नवी आहे एसक्यूएलसायफर-अँड्रॉइड, त्याच झेटेटिक गटाखाली. १६ केबीसाठी ४.६.१ किंवा पुढची घ्या. नुसता आवृत्तीचा आकडा बदलून भागत नाही. पॅकेजचं नाव बदललंय, सपोर्टफॅक्टरीच्या जागी सपोर्ट-ओपन-हेल्पर-फॅक्टरी आलंय, आणि लोडलिब्स हा जुना कॉल नाही: सिस्टिम-लोड-लायब्ररीला 'एसक्यूएलसायफर' हे नाव देऊन डेटाबेस उघडण्याआधी तुम्हीच लोड करायचं. विसरलात तर पहिल्याच क्वेरीला अनसॅटिस्फाइड-लिंक ही चूक येते. अँड्रॉइडएक्स एसक्यूलाइटची डिपेंडन्सीही वेगळी लिहावी लागते. प्रोगार्डमध्ये जुन्या पॅकेजसाठी कीप नियम असेल तर तोही नव्या नावाने लिहा, कारण हे फक्त रिलीज बिल्डमध्ये फुटतं.

फाइलचं स्वरूप ४ च्या मालिकेत तेच आहे, त्यामुळे ४.५.४ ने बनवलेली वही नव्याने उघडते. एखाद्या दुकानात अ‍ॅप वर्षानुवर्षं अपडेट नसेल आणि वही ३ च्या मालिकेतली असेल तर सायफर-मायग्रेट चालवावं लागेल. त्याआधी फाइलची प्रत घ्या. उधारीची वही आहे, उघडली नाही तर दुकानदाराचे पैसे बुडतात. जुन्या रिलीजने भरलेली खरी डेटाबेस फाइल घेऊन तिच्यावर नवं अ‍ॅप इन्स्टॉल करून पाहिल्याशिवाय हे बाहेर सोडू नका.

किराणाकोड

समजलं. एएआर काढतोय. तपासणीसाठी कुठलाही १६ केबीचा फोन जवळ नाही. एम्युलेटर पुरेल? आणि ते खालचं बटण राहिलंच.

शिरोरेषा

एम्युलेटर पुरेल, एक गोष्ट ध्यानात ठेवून. एसडीके मॅनेजरमध्ये अँड्रॉइड १५ च्या खाली १६ केबी पेज साइझ असं नावात लिहिलेली गूगल एपीआयची इमेज आहे, ती घ्या. सुरू झाल्यावर एडीबी शेलमध्ये गेटकॉन्फला पेज-साइझ विचारा. १६३८४ यायला हवं. ४०९६ आलं तर चुकीची इमेज उघडली आहे. इंटेलच्या मशीनवर ही इमेज एक्स८६-६४ ची असते, म्हणजे तुमच्या एपीकेतला एक्स८६-६४ चा फोल्डर तपासला जातो. दुकानदाराच्या फोनवर जाणारा एआरएम६४ चा नाही. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकवर इमेज एआरएम६४ ची असते, तिथे खरी फाइल तपासली जाते. इंटेलवर असाल तर एआरएम६४ साठी ऑब्जडंपची तपासणी सोडू नका.

पिक्सेल ८ कुणाकडे मिळाला तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये १६ केबीने बूट करण्याचा पर्याय आहे. त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो आणि फोनमधला डेटा पुसला जातो. रोजच्या वापरातला फोन घेऊ नका.

चढवल्यावर प्ले कन्सोलच्या अ‍ॅप बंडल एक्सप्लोररमध्ये मेमरी पेज साइझची ओळ वाचा. शिवाय तिथून एका उपकरणासाठी बनलेलं एपीके उतरवून त्याच्यावर झिपअलाइनची तपासणी पुन्हा करा. वापरणाऱ्याकडे जातं ते हे एपीके, तुमच्या मशीनवरचं नाही.

बटणाचं कारण वेगळं: टार्गेट ३५ असलेलं अ‍ॅप अँड्रॉइड १५ वर कडेपासून कडेपर्यंत पसरतं. स्टेटस बारचा रंग ठरवणारे जुने कॉल तिथे परिणाम करत नाहीत. थीममध्ये यातून बाहेर राहण्याचा विंडो-ऑप्ट-आउट हा गुणधर्म आहे, पण टार्गेट ३६ करून अँड्रॉइड १६ वर चालवलं की तो ऐकला जात नाही. आज तो लावणं म्हणजे हेच काम पुढच्या टार्गेटपर्यंत ढकलणं.

मूळ व्ह्यूवर व्ह्यूकॉम्पॅटचा विंडो इन्सेट्स (बार आणि कीबोर्डने व्यापलेली कडेची जागा) लिसनर लावा. सिस्टिम बार, डिस्प्ले कटआउट आणि कीबोर्ड हे तिन्ही प्रकार एकत्र करून मागा. नगांचा आकडा टाकताना कीबोर्ड वर येतो, तेव्हाही बटण दिसायला हवं. चूक होते ती पॅडिंगमध्ये: लिसनर पुन्हापुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी 'आत्ताचं पॅडिंग अधिक इन्सेट' लिहिलं तर कीबोर्ड चार वेळा उघडल्यावर बटण पडद्याच्या मध्यावर पोचतं. एक्सएमएलमधलं मूळ पॅडिंग लिसनरच्या बाहेर एकदाच वाचून ठेवा आणि दर वेळी त्यात मिळवा. तपासताना तीन बटणांचं नेव्हिगेशन आणि जेश्चर दोन्ही लावून बघा. जेश्चरमध्ये खालची पट्टी इतकी बारीक असते की चूक दिसतच नाही, आणि तीन बटणं ठेवणाऱ्याच्या फोनवर 'बिल छापा' अर्धं झाकलेलं राहतं.